बोटीतला गॅस

इंग्लंडमधल्या जुन्या कालव्यांची अनेक लॉक्स जेमतेम 7 फूट रुंद, म्हणून तिथली नॅरोबोटही तेवढीच अरुंद. काही हौशी मंडळी नुसते पोलादी कवच घेऊन आतले सुतारकाम, वायरिंग, गॅसची नळजोडणी स्वतः करतात. परवान्यासाठी मात्र सुरक्षा-प्रमाणपत्र लागते. ते चार वर्षे चालते. सुबक कपाटांना त्यात गुण नाहीत!

आपण गॅसचेच पाहू. प्रोपेनचा रेणुभार 44, हवेचा सरासरी 29. घरात गळलेला गॅस दाराखालून निघून जाऊ तरी शकतो. बोट म्हणजे वाडगे, त्यात तो तळाशी साचतो. मग एक ठिणगी पुरते. म्हणून सिलिंडरच्या बंदिस्त कप्प्याला तळाजवळ, पण पाण्याच्या पातळीच्या वर, बोटीबाहेर उघडणारे भोक हवे.

कार्बन डायऑक्साइडचा रेणुभारही 44च. खाण्याचा सोडा आणि लिंबाच्या रसापासून तो बनवून, आखूड मेणबत्ती पेटवून ठेवलेल्या डब्यात कडेने ओतू. तळाजवळ भोक पाडलेल्या डब्यात तेवढ्याच वायूने ज्योत विझते का, तेही पाहू.