गाणं गाजलं, पण नाव कुणाचं?

हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात आमच्या गटातल्या मुली ‘गुलाबी साडी’वर नाचल्या. तेव्हा एका ताईंनी विचारलं, “अगो, एवढं गाजलं म्हणतात, तर नंबर ठरवतं कोण? आणि पैसे कुणाला मिळतात?” आम्हालाही धड सांगता येईना. मग माहिती काढली, ती आज सांगतो.

‘गुलाबी साडी’ २०२४च्या फेब्रुवारीत आलं. लिहिलं आणि गायलं जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोड यांनी, संगीत जी-स्पार्क यांचं. सिनेमातलं नाही, सुटं गाणं. तरी यूट्यूबवर दहा कोटींच्या पुढे वेळा पाहिलं गेलं आणि न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या फलकावरही झळकलं.

पूर्वी नंबर रेडिओवर कळायचा. १९५२ साली रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. तबकड्या किती विकल्या आणि श्रोत्यांची पसंती काय, यावर गाण्याची पायरी ठरायची. आता फोनवर किती जणांनी ऐकलं, त्याची मोजणी होते. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं तरच एक वेळ धरतात. लग्नात, हळदीत, शाळेच्या गॅदरिंगमध्ये लोक त्यावर रील करतात, तसं गाणं आणखी वर चढतं. म्हणजे नंबर आपणच लावतो.

आता पैशांचं. एका गाण्यात गीतकार, संगीतकार, गायक आणि रेकॉर्डिंग करणारा अशा चौघांचे वेगवेगळे हक्क असतात. गाणं लिहिलं की लिहिणाऱ्याचा हक्क आपोआप होतो, नोंदणीची सक्ती नाही. तो हयातभर आणि त्यानंतर साठ वर्षं राहतो. २०१२ साली कायदा बदलला, तेव्हापासून गीतकार-संगीतकाराचा मानधनातला वाटा जास्त पक्का झाला.

हे आपल्याला कशाला, असं वाटेल. तर ऐका. गौरीच्या रात्री आमच्या एका ताईंनी फेराचं नवं गाणं रचलं. कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं, पुढे पाठवलं. काही महिन्यांनी तेच गाणं वाजंत्रीसकट, दुसऱ्याच्याच नावानं आमच्या फोनवर आलं. ताई हसून म्हणाल्या, “गाणं तर पोचलं ना!” पण पुढच्या गौरीला त्यांनी नवं काही रचलं नाही.

परंपरेनं आलेल्या ओव्या, फुगडीची जुनी गाणी सगळ्यांचीच आहेत. ती कुणीही गावीत. तरी गाणारीचं नाव राखता येतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्या गाणाऱ्या बायांच्या नावांसकट. नवं रचलेलं गाणं मात्र रचणारीचं असतं.

म्हणून आम्ही गटात तीन गोष्टी ठरवल्या आहेत. पहिली, नवं गाणं गटाच्या वहीत लिहायचं, खाली रचणारीचं नाव, तारीख आणि दोघींच्या सह्या. दुसरी, रेकॉर्डिंग करताना आधी नाव आणि गाव बोलायचं, मग गायचं. तिसरी, कुणी कागद पुढे केला तर वाचून घेतल्याशिवाय सही करायची नाही. किती वर्षांसाठी, किती पैशांत, नाव कुठे येणार, हे त्यात हवंच. हक्क देणं तोंडी चालत नाही, लेखीच लागतं. मुदत लिहिलेली नसेल, तर कायदा पाचच वर्षं धरतो.

बचतीचा हिशेब आपण पैशापैशानं ठेवतो. आता गाण्यांचीही वही उघडा. आमच्या वहीतलं पहिलं पान त्या ताईंच्या फेराच्या गाण्याचं आहे. पुढच्या बैठकीत तुमच्या गटातल्या एकीला तरी विचारा, “तू रचलेलं काही आहे का गो?” आणि ते तिच्या नावानं लिहून ठेवा.