विश्लेषण : होडीची गळती रोखणारी फायबरग्लास टेप कशी निवडावी?

पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. हर्णे, मिरकरवाडा, मालवण, देवगड अशा बंदरांत याच काळात होड्या किनाऱ्यावर ओढून त्यांची डागडुजी केली जाते. फायबरच्या होडीला गेलेला तडा असो किंवा लाकडी होडीच्या फळ्यांचा सुटलेला सांधा, त्यावर फायबरग्लासची टेप बसवणे हा नेहमीचा उपाय. मात्र या एकाच नावाने बाजारात वेगवेगळ्या वस्तू मिळतात. चुकीची टेप लावलेला सांधा किनाऱ्यावर ठीकठाक दिसतो आणि हंगामात भर समुद्रात उघडतो. म्हणूनच खरेदीपूर्वी काही गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

दुकानात मिळणारी प्रत्येक फायबरग्लास टेप चालते का?

नाही. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारी, मागे गोंद असलेली जाळीदार टेप ही जिप्सम बोर्डचे सांधे बुजवण्यासाठी असते. तिच्यात काचेचे धागे फारच विरळ असतात आणि गोंदामुळे रेझिन नीट मुरत नाही. होडीसाठी लागते ती गोंद नसलेली, दाट विणीची, दोन्ही काठ बांधलेली कापडी पट्टी. काठ बांधलेले असल्याने ती कापडासारखी उसवत नाही. ती ५०, ७५, १००, १५० मिलिमीटर अशा रुंदीत मिळते. घेताना लेबलवर तीन गोष्टी पाहा : ‘ई-ग्लास’ हा काचेचा प्रकार, दर चौरस मीटरचे वजन म्हणजे जीएसएम आणि ती कोणत्या रेझिनसोबत चालते. दमट किंवा धूळ बसलेला रोल घेऊ नका.

साधी विणलेली टेप की बायएक्सियल?

फरक धाग्यांच्या दिशेत आहे. साध्या विणीत निम्मे धागे टेपच्या लांबीने, तर निम्मे आडवे जातात. टेप सांध्यावर लांबीने बसवली की सांध्याच्या दोन्ही बाजूंना धरून ठेवण्याचे काम फक्त आडवे धागे करतात. बायएक्सियल टेपमध्ये धागे ४५ अंशांत तिरके असतात, त्यामुळे प्रत्येक धागा सांधा ओलांडतो. शिवाय ते विणलेले नसून एकमेकांवर ठेवून शिवलेले असतात, म्हणून सरळ राहतात आणि जास्त ताण घेतात. तळाचे कोपरे आणि कण्याजवळचे सांधे यांसाठी बायएक्सियल, तर हलक्या कामासाठी आणि लाकडावर पाणी रोखणारा थर देण्यासाठी २०० ते ३०० जीएसएमची साधी टेप, अशी ढोबळ विभागणी करता येते.

पॉलिस्टर रेझिन वापरावे की इपॉक्सी?

पॉलिस्टर स्वस्त आहे आणि बहुतेक फायबर होड्या त्याच्याच असतात. पण लाकडाला आणि जुन्या, पूर्ण सुकलेल्या थराला इपॉक्सी अधिक घट्ट चिकटते. त्यामुळे तळाच्या दुरुस्तीत जास्तीचा खर्च वसूल होतो. एकदा इपॉक्सी वापरले की त्यावर पॉलिस्टरचा थर भरवशाने धरत नाही, हे लक्षात ठेवा. बहुतेक साध्या मॅटमधले बंधक द्रव्य पॉलिस्टरमधील स्टायरिनमध्ये विरघळते, इपॉक्सीमध्ये नाही. म्हणून इपॉक्सीसोबत विणलेली किंवा शिवलेली टेपच घ्या.

किती माल लागेल?

हिशेब सोपा आहे. १०० मिलिमीटर रुंद आणि १० मीटर लांब टेप म्हणजे १ चौरस मीटर. ती ३०० जीएसएमची असेल तर एका थरात ३०० ग्रॅम काच. हाताने काम करताना जवळपास तेवढ्याच वजनाचे रेझिन लागते. पृष्ठभागावर लावायचे आणि वाया जाणारे वेगळे धरा. जास्त रेझिन म्हणजे जास्त ताकद नव्हे. ताकद काचेची असते, जादा रेझिनमुळे थर फक्त जड आणि ठिसूळ होतो.

टेप कशी बसवायची?

तड्यावर नुसती पट्टी चिकटवू नका. कडा घासून जाडीच्या १२ पट लांबीचा उतार करा. ५ मिलिमीटर जाडीला प्रत्येक बाजूला ६० मिलिमीटर. म्हणजे दोन्ही मिळून १२० मिलिमीटर झाले, तिथे १०० मिलिमीटरची टेप एकटी पुरणार नाही. साधारणपणे पुढचा थर आधीच्यापेक्षा थोडा रुंद घेतात. आधी मीठ गोड्या पाण्याने धुऊन काढा आणि भाग पूर्ण सुकू द्या. ओलावा तपासायला त्यावर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवा. आतून थेंब दिसले तर थांबा. पावसाळ्यात छप्पर असल्याशिवाय हे काम नको. दमट हवेत सुकलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येऊ शकतो. तो पाण्याने घासून काढल्याशिवाय पुढचा थर देऊ नका. टेप पारदर्शक दिसेपर्यंत ब्रश किंवा रोलरने हवा बाहेर काढा. पांढरे ठिपके राहिले तर आत हवा आहे.

कोणती चूक जिवावर बेतू शकते?

पॉलिस्टरचे कॅटॅलिस्ट, म्हणजे एमईकेपी, आणि कोबाल्ट कधीही थेट एकत्र करू नयेत. स्फोट होऊ शकतो. कॅटॅलिस्ट साधारण १ ते २ टक्के, म्हणजे किलोला १० ते २० ग्रॅम लागते. ते डोळ्यात गेल्यास कायमची इजा होऊ शकते, म्हणून चष्मा हवाच. इपॉक्सीत मात्र हार्डनरचे प्रमाण कंपनीने दिलेलेच पाळावे, लवकर सुकावे म्हणून वाढवू नये. भांड्यात उरलेले रेझिन तापून धुमसू शकते. घासताना एन-९५ मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे वापरा.

टेप पुरेशी नाही, हे कसे ओळखायचे?

लाकूड कुजले असेल तर टेपखाली कूज वाढतच राहते. आधी फळी बदलायला हवी. फायबरवर नाण्याने टकटक करा. ठणठणीत आवाजाऐवजी बोदा आवाज आला तर आतले थर सुटलेले असू शकतात. कण्याला, इंजिनाच्या बैठकीला किंवा लांबवर पसरलेल्या तड्याला जाणकार कारागिराकडेच न्या.

दुरुस्ती झाल्यावर रेझिन पूर्ण कडक होऊ द्या आणि इपॉक्सीवर उन्हापासून बचावासाठी रंग लावा. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून निघण्याआधी होडी एक दिवस बंदरातच तरंगत ठेवा आणि आतली बाजू कोरडी राहते का ते पाहा. गळती सापडायचीच असेल तर ती बंदरात सापडलेली बरी.