सरकारी नोकरी सोडली, घर एकटीवर, तरी उभी राहिली: नर्सची आमदार झालेल्या एडी बर्नीस जॉन्सन

आपल्या उपकेंद्रातल्या सिस्टर उद्या आमदारकीला उभ्या राहिल्या तर? गावात आधी हसतील, मग विचारतील, "नोकरीचं काय?" अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात १९७२ साली एका नर्सपुढे नेमका हाच प्रश्न होता. त्यांचं नाव एडी बर्नीस जॉन्सन.

जॉन्सन टेक्सासमधल्या वेको गावच्या. कृष्णवर्णीय कुटुंबातल्या. खरं तर त्यांना डॉक्टर व्हायचं होतं. पण शाळेत सल्ला मिळाला की तू मुलगी आहेस, नर्स हो. बरं, नर्सिंग शिकायचं तर त्या काळी टेक्सासमधल्या चांगल्या कॉलेजांची दारं कृष्णवर्णीय मुलींना बंद होती. म्हणून त्या दूर इंडियाना राज्यात जाऊन शिकल्या.

१९५६ च्या सुमारास डॅलस शहरात माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलात त्यांना नोकरी लागली. निवड कागदावरच झाली होती, कुणी त्यांना पाहिलं नव्हतं. त्या हजर झाल्या तेव्हा रंग दिसला आणि राहायला देऊ केलेली खोली परत काढून घेतली. पुढे जॉन्सन यांनीच मुलाखतीत सांगितलं होतं की, त्या वॉर्डात जाण्याआधी कुणीतरी पुढे जाऊन पेशंटला सांगायचं, ही बाई शिकलेली आहे, काळजी करू नका. अशा ठिकाणी त्यांनी १६ वर्षं काढली आणि मानसोपचार विभागाच्या मुख्य नर्स झाल्या. तिथं त्या पदावर बसलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय.

शहरातही तीच तऱ्हा. मोठ्या दुकानांत कृष्णवर्णीय बायकांनी पैसे द्यायचे, पण टोपी डोक्यावर घालून बघायची नाही. जॉन्सन आणि त्यांच्या बरोबरच्या बायकांनी अशा दुकानांवर बहिष्कार टाकला. राजकारणाची सुरुवात इथूनच झाली म्हणा ना.

१९७२ मध्ये लोकांनी आग्रह धरला, विधानसभेला उभ्या राहा. अडचण अशी की, अमेरिकेत हॅच कायदा आहे, १९३९ चा. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला पक्षाच्या तिकिटावर निवडणूक लढवता येत नाही. म्हणजे आधी राजीनामा, मग अर्ज. जॉन्सन यांचा घटस्फोट झालेला, पदरी मुलगा, घर त्यांच्याच पगारावर. पडल्या तर दोन्ही गेलं.

आणि निवडून आल्यावर तरी काय मिळणार होतं? टेक्सासची विधानसभा आपल्यासारखी दरवर्षी दोन-तीन अधिवेशनं घेत नाही. नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, जास्तीत जास्त १४० दिवसांचं. तिथल्या आमदाराचा पगार १९७५ पासून आजतागायत महिना ६०० डॉलर आहे. अधिवेशनात रोजचा भत्ता मिळतो, पण १९७२ मध्ये पगार याहूनही कमी होता. त्यावर घर चालत नाही. त्यामुळे तिथं श्रीमंत वकील, व्यापारी सहज आमदार होतात. नर्सला दुसरी नोकरी धरावीच लागते. जॉन्सन यांना ती नीमन मार्कस या मोठ्या दुकानाच्या कंपनीत मिळाली. ज्या शहरात दुकानांविरुद्ध बहिष्कार केला, तिथंच दुकानात नोकरी!

त्या जिंकल्या. डॅलसमधून निवडून आलेली पहिली कृष्णवर्णीय महिला. दुसऱ्या टर्ममध्ये कामगार समितीच्या अध्यक्ष झाल्या. टेक्सासच्या विधानसभेत मोठ्या समितीच्या अध्यक्षपदी बसलेली ती पहिलीच बाई. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांना केंद्राच्या आरोग्य-शिक्षण खात्यात विभागीय पद दिलं, म्हणून आमदारकी सोडली. १९८६ मध्ये परत आल्या, यावेळी राज्याच्या सिनेटमध्ये. सिनेट म्हणजे वरचं सभागृह, पण आपल्या विधान परिषदेसारखं नाही. तिथले ३१ जण थेट लोकांच्या मतांवर येतात.

नर्सचा अनुभव दिसतो तो इथं. एड्सच्या पेशंटला लोक जवळ येऊ देत नव्हते, त्या काळात जॉन्सन यांनी त्यांच्याशी होणाऱ्या भेदभावाविरुद्ध विधेयक आणलं. हॉस्पिटलनं डॉक्टरला पेशंटमागे कमिशन द्यायचं, ज्याला आपल्याकडे 'कट' म्हणतात, त्याच्या बंदीसाठीही विधेयक आणलं. हे वॉर्डात उभं राहिलेल्या माणसालाच नेमकं ठाऊक असतं, असं आमचं मत.

सगळंच गोड नव्हतं. १९९१ मध्ये मतदारसंघांची नवी आखणी झाली, त्यात जॉन्सन यांचा मोठा हात होता. जो मतदारसंघ तयार झाला, तिथूनच १९९२ मध्ये त्या अमेरिकेच्या संसदेत गेल्या. तिथं पोचलेल्या त्या पहिल्या नोंदणीकृत नर्स. पण १९९६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्या मतदारसंघाची वेडीवाकडी आखणी रद्द केली. आणि २०१० मध्ये उघड झालं की, मुलांसाठीच्या शिष्यवृत्त्या त्यांनी स्वतःच्या नातवंडांना दिल्या होत्या. नियमात न बसणारे पैसे त्यांना परत भरावे लागले. तरीही लोक निवडून देत राहिले, ३० वर्षं. २०१९ मध्ये संसदेच्या विज्ञान समितीच्या अध्यक्ष झाल्या, ३१ डिसेंबर २०२३ रोजी वारल्या.

आपल्याकडे मुंबईच्या माजी महापौर किशोरी पेडणेकर याही आधी नर्स. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या भीतीच्या दिवसांत, त्या नर्सचा गणवेश घालून नायर हॉस्पिटलमध्ये गेल्या होत्या, ते फोटो अनेकांनी पाहिले असतील.

आता आपल्या सिस्टरांचं. संविधानाचं कलम १९१ सांगतं की, सरकारकडे लाभाचं पद असलेल्याला आमदार होता येत नाही. सरकारी सेवेतल्या नर्सला आधी राजीनामा द्यावा लागतो. नुसता देऊन चालत नाही, अर्जांच्या छाननीआधी तो मंजूरही झालेला हवा. खासगी दवाखान्यातल्या नर्सला ही अट नाही.