सिमेंटच्या शहरातला रंगीत मनोरा

"ल आव्रला? तिकडे काय आहे, नुसतं सिमेंट!" पॅरिसमध्ये शिकणाऱ्या माझ्या मावसबहिणीने प्लॅन उडवूनच लावला. हातात एकच मोकळा दिवस होता. तरी सेंट-लाझार स्टेशनवरून ट्रेन पकडली आणि दोन-सव्वादोन तासांत समुद्र! क्लोद मोनेने १८७२मध्ये ज्या बंदरावरचा सूर्योदय रंगवला आणि ज्या चित्रामुळे 'इम्प्रेशनिझम' हा शब्द रुळला, ते हेच बंदर.

पण स्टेशनबाहेर पडल्यावर ताईचं पटायला लागलं. सरळ रस्ते, चौकोनी इमारती, सगळं करडं. त्यात १०७ मीटर उंच काँक्रीटचा टॉवर. लांबून दीपस्तंभच वाटतो. हेच सेंट जोसेफ चर्च.

हे शहर असं का, ते इथे कळलं. सप्टेंबर १९४४मध्ये शहर जर्मनांच्या ताब्यात असताना ब्रिटिश विमानांनी बॉम्बफेक केली. शहराचा मध्यभाग सपाट झाला, हजारो माणसं बेघर झाली. जुनं सेंट जोसेफही गेलं. ओग्युस्त पेरे या आर्किटेक्टने जुन्याची नक्कल न करता काँक्रीटमध्ये नवं शहर उभं केलं. अनेकांना ते कित्येक वर्षं आवडलं नाही. २००५मध्ये मात्र ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं.

१९५१मध्ये सुरू झालेलं चर्चचं काम १९५७मध्ये संपलं. ते पाहायला पेरे नव्हता, तो १९५४मध्ये गेला. बॉम्बफेकीत मेलेल्यांचं हे स्मारकही आहे.

आत गेले आणि मान वरच राहिली. टॉवर आतून पूर्ण पोकळ! भिंतींत रंगीत काचांचे १२,७६८ तुकडे, मार्गरित ह्यूरे या कलावतीने केलेले. ना संतांची चित्रं, ना गोष्टी. नुसते रंग. दुपार कलली तशी करड्या खांबांवर केशरी-सोनेरी उजेड सरकायला लागला. अर्धा तास मी फोनच काढला नाही.

आठवली ती आजी. आमचं आजोळ किल्लारीजवळचं. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर गाव नव्या जागी वसलं. आखलेले रस्ते, एकसारखी घरं. सुट्टीत गेलं की मी म्हणायचे, "आजी, किती बोअर आहे गं तुझं गाव!" ती काहीच बोलायची नाही. आधीचं गाव कसं होतं, हे मी कधी विचारलंच नाही.

ताईला फोटो पाठवला. रिप्लाय आला, "हे सिमेंट आहे??" म्हटलं, हो. आणि या दिवाळीत दोघी आजीकडे जाऊ. तिला बरंच विचारायचंय.

जायचं असेल तर : चर्चमध्ये प्रवेश मोफत आहे. दुपारनंतर, ऊन असताना जा. समुद्रकिनारा तिथून चालत जाण्याएवढा जवळ आहे.