आतडं आखडतं, अफू थांबवते

फार्मसीला एक प्रॅक्टिकल असायचं. कोंबडीच्या आतड्याचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा दोऱ्याने काचेच्या नळीत टांगायचा. भोवती कोमट टायरोड द्रावण, त्यात हवेचे बुडबुडे. दोऱ्याचं वरचं टोक तरफेला आणि तरफेचं टोक काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमला टेकलेलं. ॲसिटिलकोलिन सोडलं की तुकडा आखडायचा, काजळीवर पांढरा डोंगर उमटायचा. देहापासून तोडलेलं आतडं तासन्‌तास काम करतं हे पाहून मी पहिल्या दिवशी चांगलाच दचकलो होतो. एप्रनवरची काजळी मात्र वर्षभर गेली नाही.

आतड्याच्या भिंतीत, स्नायूंच्या दोन थरांमध्ये, चेतापेशींचं जाळं असतं. माणसाच्या पचनमार्गात अशा पेशी १० कोटींहून जास्त. मेंदूला न विचारता त्या अन्न पुढे ढकलू शकतात. चेतेतून ॲसिटिलकोलिन सुटतं, स्नायूवरच्या रिसेप्टरला चिकटतं, पेशीत कॅल्शियम वाढतं आणि स्नायू आखडतो.

ही साखळी कुठे तुटते, यातच सगळी गंमत. धोत्र्यातलं ॲट्रोपिन रिसेप्टरवरच ठाण मांडतं. ॲसिटिलकोलिन दाराशी येऊनही परत जातं. अफूतल्या मॉर्फिनची तऱ्हा वेगळी. ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ विल्यम पॅटन यांनी गिनीपिगच्या आतड्याला विजेचे हलके झटके दिले. त्यांचा शोधनिबंध १९५७चा. एरवी झटक्यासरशी आखडणारं आतडं मॉर्फिन घातल्यावर मंदावलं. पण बाहेरून ॲसिटिलकोलिन घातलं, तर स्नायू आखडत होता. म्हणजे स्नायू धडधाकट. चेताच निरोप धाडत नव्हती.

याच प्रयोगाच्या जोरावर ॲबर्डीनमध्ये जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतला अर्क आतड्यावर तपासला. अर्कानेही मॉर्फिनसारखंच आखडणं कमी केलं आणि मॉर्फिनला उतारा असलेल्या नॅलोक्सोनने तो परिणाम पुसला गेला. १९७५मध्ये त्यांनी शरीराची स्वतःची अफू, एन्केफॅलिन, जगापुढे मांडली. मेंदूतलं गुपित फुटलं ते आतड्याच्या तुकड्यावर!

जुलाबावरची लोपेरामाइडची गोळी आतड्यात मॉर्फिनच्याच वाटेने जाते. नेहमीच्या मात्रेत ती मेंदूत शिरू पाहते तेव्हा रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले पंप तिला बाहेर फेकतात, म्हणून गुंगी येत नाही. ताप असेल, शौचातून रक्त पडत असेल, तर मात्र ती स्वतःच्या मनाने घेऊ नये. आतडं तेव्हा आतली घाण बाहेर ढकलत असतं.