हिशेबाची दुसरी प्रत

गटाचे हिशेब वहीतून कॉम्प्युटरमध्ये गेले, असं आता बऱ्याच गावांत झालंय. रेघा मारायचं काम सुटलं, बेरजा आपोआप होऊ लागल्या. पण हा कॉम्प्युटर रोज कसा सांभाळायचा, हे कुणी सांगत नाही. आम्हालाही सांगितलं नव्हतं. म्हणून सुरुवात आमच्याच फजितीपासून करतो.

आमचा गट दहा जणींचा. सचिवताईंच्या मुलाचा जुना कॉम्प्युटर गटाला मिळाला. बचत, कर्ज, हप्ते, व्याज सगळं त्यात भरू लागलो. काही महिन्यांनी वाटलं, आता वही कशाला? वही बंद केली. मृगाच्या तोंडावर एका संध्याकाळी वीज कडाडली, दिवे गेले, आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरूच झाला नाही. दुरुस्तीवाले दादा म्हणाले, "हार्ड डिस्क गेली." माहिती साठते ती तिच्यातच. डिस्क नवी बसवून मिळाली, आतला हिशेब मिळाला नाही.

मग प्रत्येकीचं पासबुक घेऊन आम्ही चार रात्री बसलो. बहुतेक आकडे जुळले. पण एक मैत्रीण म्हणाली, "मी दिवाळीनंतर पाचशेचा हप्ता दिलाय." तिच्या पासबुकात तो चढला नव्हता. रक्कम फार नव्हती, पण तिच्याकडे बघायच्या नजरा बदलल्या. ती बैठकीला येईनाशी झाली. पुढे कोषाध्यक्षताईंच्या मोबाइलमध्ये एक फोटो सापडला. त्या बैठकीला न आलेल्या बाईला पाठवायला त्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्याचा फोटो काढला होता. त्यात तो हप्ता होता. आम्ही सगळ्याजणी तिच्या घरी गेलो, माफी मागितली. हिशेब हरवला की खरं बोलणारीचा शब्दही खोटा पडतो, हे त्या दिवशी कळलं.

बियाणं आपण कधी सगळं एका गाडग्यात ठेवतो का? एकाला कीड लागली तर दुसरं हाताशी हवं. हिशेबाचंही तसंच. दुसरी प्रत हवी, आणि ती दुसऱ्या घरात हवी.

ही प्रत पेन ड्राइव्हवर घ्यायची. बैठक झाली, नोंदी भरल्या, की त्याच दिवशी. आमची एक चूक सांगतो. आम्ही मोठ्या हौसेने प्रत घेतली, आणि दुसरीकडे उघडायला गेलो तर काहीच उघडेना. आम्ही फाइल घेतलीच नव्हती, तिचा शॉर्टकट घेतला होता. चित्राच्या कोपऱ्यात छोटा बाण दिसला तर तो शॉर्टकट समजा. तो नुसता घराचा पत्ता, घर नव्हे. म्हणून महिन्यातून एकदा प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. पेन ड्राइव्ह ओढून काढू नका, आधी पडद्यावर 'इजेक्ट' करा. आणि हिशेबाचा पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात नेऊ नका. तिथे दिवसभर दहा जणांचे पेन ड्राइव्ह लागतात, व्हायरस तिथूनच घरी येतो. छापायचा कागद वेगळ्या पेन ड्राइव्हवर न्या.

तिसरी प्रत गटाच्या ईमेलवर पाठवून ठेवा. पेन ड्राइव्हही कधीतरी बिघडतो, हरवतो.

आता विजेचं. काम करताना दर पाच-दहा मिनिटांनी कंट्रोल बटण दाबून धरा आणि एस दाबा. केलेलं काम साठवलं जातं. दिवे गेले तरी तेवढं वाचतं. चुकून काही पुसलं गेलं तर घाबरू नका, कंट्रोल आणि झेड दाबा, पुसलेलं परत येतं. लॅपटॉपला बॅटरी असते, टेबलावरच्या कॉम्प्युटरला नसते. त्याला यूपीएस लावला तर थोडी मिनिटं मिळतात. ती मिनिटं काम साठवून कॉम्प्युटर नीट बंद करायला आहेत, पुढचं काम उरकायला नव्हेत. आभाळ गडगडू लागलं की कॉम्प्युटर बंद करून पिनच काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

फाइलला नाव नीट द्या. 'नवीन', 'नवीन 2', 'खरी नवीन' अशा नावांत आम्ही फार शोधाशोध केली. आता आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहितो: '2025-04-10 बैठक'. अशाने फाइली तारखेप्रमाणे ओळीने लागतात. मराठी टाइप करताना युनिकोड वापरा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसऱ्या कॉम्प्युटरवर भलत्याच अक्षरांत दिसतं. बँकेत द्यायचा कागद पीडीएफ करून दिला तर जसा आहे तसाच छापला जातो.

पासवर्डचं पेटीसारखं करा. पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे, हे आपल्याला ठाऊकच आहे. पासवर्ड दोघींना माहीत असावा, आणि बंद पाकिटात पेटीत ठेवावा. कॉम्प्युटरवर चिठ्ठी चिकटवू नका.

शेवटची गोष्ट फसवणुकीची. कधी अचानक पडदा लाल होतो, भोंगा वाजतो, 'तुमच्या कॉम्प्युटरला धोका आहे, या नंबरवर फोन करा' असं येतं. फोन करू नका. ते खोटं असतं. कॉम्प्युटर बंद होत नसेल तर चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरा, बंद होईल. फोनवर कुणी 'हे ॲप टाका, मी दुरुस्त करतो' म्हणालं तर टाकू नका. त्यातून तुमचा पडदा त्याच्या हाती जातो. ओटीपी कुणाला सांगू नका. आणि पैसे यायला पिन लागत नाही, पिन मागितला की पैसे जाणार हे नक्की. तरीही फसलात तर लाजू नका, लगेच 1930 या नंबरवर कळवा, बँकेलाही सांगा. जितका उशीर, तितके पैसे हातातून निसटतात.

आमची वही आम्ही पुन्हा सुरू केलीय. दोन रेघांचंच काम आहे, पण बैठकीत प्रत्येकीची सही तिथेच होते. ती मैत्रीण आता दर महिन्याला पेन ड्राइव्ह आपल्या घरी नेते. तिनेच तो मागून घेतला.

तर पुढच्या बैठकीत एक प्रश्न विचारा: आपल्या हिशेबाची दुसरी प्रत कुणाच्या घरी आहे? उत्तर मिळालं नाही, तर बैठक संपायच्या आत प्रत घ्या.