दहीहंडी कोणाची?

दहीहंडी मुलांची की मोठ्यांची, हा प्रश्न डिलाईल रोडच्या चाळीत वाढलेल्या आम्हांस पोरकट वाटत नाही. सण बाळकृष्णाचा, सवंगड्यांसह शिंक्यातले लोणी पळवणाऱ्या पोराचा. परंतु शेंड्यावर अंगाने हलके पोर हवे, तसे तळाला भक्कम खांदेही हवेत. आमच्या लहानपणी ते खांदे गिरणीकामगारांचे असत. तेव्हा हंडी दोघांचीही.

तोल बिघडला तो बक्षिसाच्या रकमांनी. हंडी उंच गेली, थर वाढले. नाव पुढाऱ्याचे झाले, आणि सर्वांत उंचावरून पडण्याचा धोका मात्र सर्वांत लहानाच्या वाट्यास आला. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने १८ वर्षांखालील मुलांस मनाई केली व उंचीस २० फुटांची मर्यादा घातली. २०१७ साली उंचीची अट गेली, वयाची १४ वर्षांवर आली.

हा १४ चा आकडा कामगारांच्या ओळखीचा आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने त्याहून लहान मुलास कारखान्याचे दार बंद केले. जेथे पैसा मोठ्यांचा आणि जोखीम मुलाची, तेथे खेळाचीही मजुरी होते. म्हणून आमचे म्हणणे इतकेच : थर मोठ्यांनी रचावेत, हंडी खाली आणावी, आणि दह्याचा पहिला घास मुलांस द्यावा.